निवेदनावर पहिली सही माझी, म्हणून रेल रोकोची नोटीस मला. आता दंड भरून मोकळं व्हावं का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. कल्याण-कसारा मार्गावरचं एक छोटं स्टेशन, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. फाटक कायमचं बंद झालं, त्याच्या बदल्यात जो उड्डाणपूल व्हायचा त्याचा रुळांवरचा भाग उभा आहे पण दोन्ही बाजूचे जोडरस्ते झालेच नाहीत, त्यामुळे पलीकडच्या पाड्यांना स्टेशनला यायचं तर खड्ड्यांच्या कच्च्या रस्त्याने मोठा वळसा, आणि रस्ता खराब म्हणून सकाळची एसटी पण बंद. प्रवासी समितीचे सचिव म्हणून तुम्ही चार वर्षांत अकरा निवेदनं दिलीत, उत्तरं आली दोन, आणि दोन्हीत "सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" एवढंच. मग एक दिवस लोकल पाऊण तास लेट झाली, लोक रुळांवर उतरले, बारा मिनिटं गाडी थांबली. तुम्ही तेव्हा पादचारी पुलावर होतात. तरी आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, नोटीस तुमच्या नावाने आली, कारण आदल्या आठवड्यातल्या निवेदनावर पहिली सही तुमची. दुसरी नोटीस पुतण्याला, तो व्हिडिओत रुळांवर उभा दिसतोय आणि नेमका पोलीस भरतीची तयारी करतोय. तुम्ही विचारलंय दंड भरून मोकळं व्हावं का, आणि निवेदनं देणं आता बंदच करावं का.

दोन्हीचं उत्तर नाही असं आहे. का ते सांगते.

नोटीस रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७४ खाली आहे. या कलमात रेल रोको हा शब्दच लिहिलेला आहे, रुळांवर बसून किंवा रेल रोकोच्या वेळी गाडी अडवली, अडवायला लावली किंवा अडवायचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे रात्री झोप लागत नाही असं जे लिहिलंत ती भीती आधी मनातून काढा. निवेदनावर सही करणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही, सरकारकडे गाऱ्हाणं मांडणं हा आपला हक्क आहे. तुम्हाला दोषी ठरवायचं तर तुम्ही स्वतः गाडी अडवलीत किंवा लोकांना अडवायला लावलीत हे सिद्ध करावं लागेल. आणि इथेच एक गोष्ट खटकते, तुमच्या शेवटच्या निवेदनाची शेवटची ओळ. "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील." आपल्याकडे प्रत्येक निवेदनाचा शेवट असाच होतो, टाइप करणारा पण सवयीने टाकतो, पण आरपीएफ आता याच ओळीवर बोट ठेवून म्हणणार की लोकांना भडकवलं तुम्हीच. निव्वळ या एका वाक्यावर शिक्षा होणं अवघड आहे असं माझं मत आहे, कारण त्यात रेल्वेचं, दिवसाचं, ठिकाणाचं नाव पण नाही. तरी पुढच्या निवेदनातून ती ओळ काढून टाका, त्याजागी "उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार व न्यायालयीन मार्गाने दाद मागू" असं लिहा.

नोटिशीतल्या तारखेला जायचंच. न जाणं हे सगळ्यात वाईट, त्यातून नुसता संशय वाढतो. जाताना वकील सोबत घ्या, आणि जाऊन काय बोलायचं ते नीट ऐका कारण इथे बरेच जण फसतात. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण आरपीएफचा चौकशी अधिकारी त्या अर्थाने पोलीस अधिकारी नाही. रेल्वे मालमत्तेच्या १९६६ च्या कायद्याखालच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच तसं म्हटलंय आणि तोच मुद्दा रेल्वे कायद्याच्या केसमध्येही मांडला जातो. म्हणजे तिथे बसून "हो साहेब, चुकलं, आम्हीच बोलावलं होतं पोरांना" असं नम्रपणाने बोललेलं वाक्य उद्या कोर्टात तुमच्याच विरोधात वाचलं जाऊ शकतं. खोटं मुळीच बोलू नका, चौकशीत खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो. मी त्यावेळी पादचारी पुलावर होतो, रुळांवर उतरलो नाही, कुणाला उतरायला सांगितलं नाही, एवढं लेखी द्या आणि पोच घ्या. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या जबाबावर सही नको. पुतण्या तर स्वतःविरुद्ध काही बोलायला बांधीलच नाही, घटनेच्या कलम २० मध्येच ते आहे, त्याने नाव-पत्ता द्यावा आणि बाकी वकिलामार्फत उत्तर देईन असं सांगावं. व्हिडिओची काळजी आहे हे कळतं, पण मोबाईलचा व्हिडिओ कोर्टात असाच चालत नाही, त्याला सर्टिफिकेट लागतं, कुणी काढला, कुठून कुठे गेला हे सगळं बघावं लागतं.

आता दंडाचं. कल्याणच्या रेल्वे कोर्टात मी रोज बघते, विनातिकीटवाले, रूळ ओलांडणारे, सगळ्यांची रांग, आणि जो तो घाईत, गुन्हा कबूल म्हणतो, दंड भरतो आणि पुढची लोकल पकडतो. दंड भरला की विषय संपला असं वाटतं ना, पण गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी, कनव्हिक्शन. तो कागद कायमचा राहतो. तुमच्याबाबतीत तर जे केलंच नाही ते कबूल केल्यासारखं होईल, आणि समितीच्या अकराही निवेदनांवर "हे तर शिक्षा झालेले लोक" असा शिक्का बसेल. दोन हजार रुपयात एवढं सगळं गमावू नका.

पुतण्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे, माझा जीव खरं तर तिथेच अडकलाय. भरतीच्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये केस आहे का असा प्रश्न असतो, तिथे काही झालं तरी लपवायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात हेच सांगितलंय, खरी माहिती द्या, आणि तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब असेल तर नोकरी देणारा ती सोडून देऊ शकतो. लपवलं तर मात्र नोकरी लागल्यावरसुद्धा जाते, अशी पोरं मी पाहिलीयत. आणि समजा, अगदी वाईटात वाईट, कोर्टाला तो दोषी वाटलाच तर त्याच्या वकिलाने प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा १९५८ चं कलम ३ मागायचं. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे त्यात बसतात, आधी शिक्षा झालेली नसेल तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं, आणि कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. हे मागावं लागतं बरं का, आपोआप कुणी देत नाही.

तुमच्या भागातले एक पुढारी म्हणाले म्हणे की आंदोलनाच्या केसेस सरकार मागे घेतं, गप्प बसा. राज्य सरकार तसे निर्णय काढतं हे खरं, पण ही केस केंद्राच्या कायद्याखाली आहे, नुसत्या राज्याच्या जीआरने ती जाणार नाही. त्या भरवशावर तारखा चुकवल्यात तर वॉरंट निघेल.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, कारण नोटिशीच्या गडबडीत पूल बाजूलाच राहिला. तुमची अकरा निवेदनं मी वाचली दादा, कळकळ खूप आहे, पण प्रत्येकात सगळंच आहे. लोकल लेट, फाटक, पूल, रस्ता, एसटी, स्टेशनवरचं शौचालय, आणि प्रत सगळ्यांना. मग रेल्वे म्हणते रस्ता आमचा नाही, बांधकाम विभाग म्हणतो पूल रेल्वेचा. ज्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याला विचारा. माहिती अधिकारात दोन वेगळे अर्ज टाका, प्रत्येकी दहा रुपये. रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला विचारा, फाटक बंद करताना जिल्हा प्रशासनाकडून घेतलेल्या संमतीची प्रत द्या आणि पुलाच्या मंजूर नकाशाची, जीएडीची, प्रत द्या. बांधकाम विभागाला विचारा जोडरस्त्याची प्रशासकीय मान्यता, वर्क ऑर्डर, काम संपायची तारीख आणि भूसंपादनाची आजची स्थिती. "काम का होत नाही" असं विचारू नका, कागद मागा, फाईलवरचे शेरे पण मागता येतात. राज्याच्या अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द एवढं सांभाळा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. हे कागद हातात आले की कोण खोटं बोलतंय ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

एसटीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात जा, महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. एसटी महामंडळावर १९५० च्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पुरेशी आणि सुसूत्र सेवा द्यायची जबाबदारी आहे, ते कलम अर्जात लिहा, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा आणि त्या गाडीने शाळेत जाणाऱ्या मुलींची यादी जोडा. वळशाच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडून हात मोडलेल्या ताईंचे दवाखान्याचे कागद आणि खड्ड्याचे तारखेसह फोटो जपून ठेवा. चांगला रस्ता हा कलम २१ खालचा हक्क आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय, आणि त्याच खड्ड्यांच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवलीय. तुमचा रस्ता त्यात कसा बसतो ते तो कुणाच्या ताब्यात आहे यावर ठरेल, म्हणून आधी तोच कागद काढा.

शेवटचा रस्ता हायकोर्टात जनहित याचिका. पूल कुठे बांधा, गाड्या किती सोडा हे कोर्ट सहसा ठरवत नाही, पण मंजूर झालेलं काम अर्धवट का पडलंय आणि कधी संपवणार याची तारीख शपथपत्रावर मागू शकतं. आणि तिथे गेलात की पहिला प्रश्न येतो, आधी प्रशासनाकडे गेला होतात का? तेव्हा ती अकरा निवेदनं, पोचेच्या शिक्क्यासकट, तुमच्या कामी येतील. म्हणून म्हणते, देणं बंद करू नका.

या आठवड्यात एवढं करा, अकराही निवेदनांच्या पोच असलेल्या प्रती तारखेप्रमाणे लावून घ्या, त्या दिवशी पादचारी पुलावर तुमच्या शेजारी कोण कोण उभं होतं त्यांची नावं लिहून ठेवा, आणि स्टेशनच्या सीसीटीव्हीचं त्या वेळेचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं असा लेखी अर्ज स्टेशन मास्तर आणि आरपीएफ दोघांकडे आजच द्या. रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं, आणि तुम्ही पुलावर होतात हे त्यातच आहे.