साल ठरवा, मग मार्ग मागा

सदर: सिम्युलेटरच्या केबिनमधून

प्रश्न: ताई, नमस्कार. इटलीत अब्रुत्सो आणि मोलिझेच्या डोंगरांतून जाणारा सुल्मोना–कार्पिनोने हा जुना रेल्वेमार्ग ट्रेन सिम्युलेटरमध्ये यावा अशी माझी फार इच्छा आहे. सिम्युलेटर बनवणाऱ्या एका कंपनीने नव्या मार्गांसाठी सूचना मागवल्या आहेत. मी दोन पानी पत्र लिहिलंय. निसर्ग, बर्फ, इतिहास, सगळं त्यात आहे. मित्राने वाचलं आणि म्हणाला, "हे तर पर्यटन खात्याचं पत्रक झालं." काय बदलू? – एक वाचक

उत्तर: मित्र बरोबर बोलला. तुम्ही सोबत पाठवलेलं पत्र मीही वाचलं. 'निसर्गरम्य' हा शब्द पहिल्याच परिच्छेदात तीनदा आलाय आणि चढ किती आहे ते कुठेच नाही! पत्र वाचणारा माणूस डोंगर बघायला बसलेला नसतो. गाडी चालवणाऱ्याला इथे काय काम पडेल, एवढंच त्याला हवं असतं. ते पहिल्या चार ओळींत सांगितलं नाही तर पुढचं कोणी वाचत नाही.

आणि या मार्गावर सांगण्यासारखं काम भरपूर आहे. सुल्मोना स्टेशन समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि रिव्हिसोन्दोली-पेस्कोकोस्तान्झो हे स्टेशन १२६८ मीटरवर. इटलीच्या राष्ट्रीय जाळ्यात याच्याहून उंच स्टेशन एकच, ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं ब्रेन्नेरो. म्हणजे नऊशे मीटरहून जास्त चढायचं, तेही चाक अडकवून चढवणाऱ्या दातेरी रुळाशिवाय, साध्या रुळांवर. सर्वांत तीव्र चढ दर हजार मीटरला २८ मीटर. पत्राची सुरुवात या आकड्यांनी करा.

मग मार्ग कसा चढतो ते लिहा. सुल्मोना सोडल्यावर गाडी डोंगराकडे सरळ जातच नाही. ती आधी दक्षिणेला पेत्तोरानोच्या दिशेने दरीच्या कडेकडेने जाते, तिथे वळण घेते आणि कान्सानोकडे परत फिरते. त्यामुळे ज्या दरीतून निघालो तीच दरी बराच वेळ खाली दिसत राहते, दर वेळी थोडी आणखी खोल. ड्रायव्हरला याचा अर्थ असा की अख्ख्या चढावर दम खायला जागा फार कमी. पुढे काम्पो दि जोवे, मग बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलात की एकदम सपाट पठार. क्वार्तो दि सान्ता कियारा हे त्याचं नाव. पावसाळी दिवसांत आणि बर्फ वितळताना इथे पाणी साचतं. पालेना स्टेशन या पठाराच्या काठावर एकटं उभं आहे. ज्या गावाचं नाव त्याला दिलंय ते कित्येक किलोमीटर लांब. सिम्युलेटरमध्ये हे स्टेशन केलं तर आजूबाजूला एक घर ठेवू नका, असं पत्रात आवर्जून लिहा. बनवणाऱ्यांना रिकामी जागा दिसली की चार घरं टाकायची सवय असते.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या पत्रात १८९२ पासून आजपर्यंतचा सगळा काळ एकत्र आहे. असं चालत नाही. सुल्मोना–कान्सानो हा पहिला तुकडा १८९२ मध्ये सुरू झाला, कार्पिनोनेमार्गे इसेर्नियापर्यंतचा पूर्ण मार्ग १८९७ मध्ये. नेहमीच्या प्रवासी गाड्या वाटेतल्या कास्तेल दि सांग्रोच्या पुढे २०१० मध्ये थांबल्या, उरलेल्या भागात २०११ मध्ये. २०१४ पासून फोंदात्सिओने एफएस ही रेल्वेच्या वारशाचं काम पाहणारी संस्था इथे पर्यटनाच्या गाड्या चालवू लागली, आणि २०१७ च्या १२८ क्रमांकाच्या कायद्याने पर्यटन रेल्वेमार्गांची जी यादी केली तीत हा मार्ग आला. या सगळ्या काळात रूळ तेच राहिले, पण गाड्या, रंग, सिग्नल, स्टेशनातल्या माणसांची संख्या, सगळं बदललं. बनवणाऱ्याला एकच इंजिन, एकच वेळापत्रक आणि एकाच काळचे फलक करायचे असतात. तुम्ही साल दिलं नाहीत तर तो आजचं साल धरणार, आणि आज इथे रोजची गाडीच नाही!

मला विचाराल तर १९८५ मागा. तेव्हा कोळशाचं इंजिन रोजच्या कामातून गेलेलं होतं, डिझेल रेलकार (स्वतःच्याच इंजिनावर धावणारे डबे) रोज धावत होत्या, स्टेशनं जिवंत होती. सकाळी सुल्मोनाला शाळेत आणि कामाला येणारी माणसं, हिवाळ्यात रोक्कारासोला स्की करायला निघालेले लोक, एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट बघत थांबणं. एकेरी मार्गावरचं क्रॉसिंग हाच इथला खरा खेळ. रुळांवर गर्दी नाही म्हणून मार्ग कंटाळवाणा होईल, असा आक्षेप येणारच. त्याला उत्तर तयार ठेवा: चार कामं लिहून द्या आणि प्रत्येकात ड्रायव्हरला कुठे थांबायचंय, कशासाठी थांबायचंय ते सांगा.

आणखी एक काटछाट. पूर्ण सुल्मोना–कार्पिनोने ११८ किलोमीटर आहे. तेवढं मागू नका. कास्तेल दि सांग्रोपर्यंतचे पाऊणशे किलोमीटर मागा. सगळ्यात उंच स्टेशन त्यात येतं, मोठा चढ येतो, पठार येतं, रोक्कारासोनंतरचा लांब उतार येतो. कार्पिनोनेकडचा भाग देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण तो दुसऱ्या टप्प्यात येऊ शकतो, आणि 'दुसरा टप्पा' हे दोन शब्द विकणाऱ्या कंपनीला फार आवडतात.

बोगद्यांबद्दल लाजू नका. पूर्ण मार्गावर पन्नासहून अधिक बोगदे आहेत. खेळणारे कुरकुर करतात, पण बनवणाऱ्याच्या दृष्टीने बोगद्यातला प्रत्येक किलोमीटर म्हणजे न लावलेली हजारो झाडं. हे त्याला कळतं. तुम्ही फक्त आकडा द्या.

प्रश्न: मी हाच मार्ग ओपन रेल्स या मोफत सिम्युलेटरमध्ये स्वतःच बनवायला घेतलाय. जमिनीच्या उंचीची माहिती टिनइटली या मोफत संचातून घेतली, रूळ त्यावर अंथरले, तर गाडी लाटांवरून चालल्यासारखी वर-खाली होते. कुठे बिघडतंय? – एक वाचक

उत्तर: टिनइटलीचा काही दोष नाही. इटलीच्या भूभौतिकी संस्थेने केलेला तो संच चांगला आहे, पण त्यात दर दहा मीटरला एक उंची मिळते. रेल्वेसाठी खणलेली अरुंद खाच आणि घातलेला भराव त्या जाळीतून निसटतात. डोंगराच्या कुशीतल्या मार्गावर दहा मीटर डावीकडे सरकलात की जमीन पाच मीटर वर जाते. अशा जमिनीवर रूळ अंथरले की २८ चा चढ कधी ४५ होतो, कधी उतार होतो.

क्रम उलटा करा. आधी स्टेशनांच्या उंच्या आणि किलोमीटरचे आकडे पक्के करा. इटालियन रेल्वेच्या मार्गपुस्तिकेत, तिला 'फाशिकोलो लिनेआ' म्हणतात, स्टेशनांमधली अंतरं आणि वेगमर्यादा मिळतात. जुन्या आवृत्त्या शौकिनांकडे असतात. त्यावरून रुळाची उभी रेषा कागदावर काढा, चढ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ठरवा. रूळ त्या रेषेने घाला, आणि मग जमीन रुळाकडे ओढा. बोगद्याच्या तोंडाशी जमीन हाताने कापावी लागेल, त्याला इलाज नाही. एक खूण सांगते: सुल्मोनापासून रिव्हिसोन्दोलीपर्यंत तुमच्या रुळावर कुठेही २८ च्या वर आकडा दिसला तर तो तुमचा, रेल्वेचा नव्हे.

प्रश्न: मी नववीत आहे. एएलएन ६६८ या रेलकारमध्ये खरंच मोटारीसारखे गिअर होते का? सिम्युलेटरमध्ये तर नुसता एक दांडा पुढे केला की ती पळते. आणि तिचा रंग कोणता होता? – एक विद्यार्थी वाचक

उत्तर: खरंच होते, आणि तू अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. एएलएन म्हणजे डिझेलवर चालणारी हलकी रेलकार, आणि शेवटच्या ६८ चा अर्थ बसायच्या जागा ६८. डब्याच्या जमिनीखाली दोन इंजिनं, आणि पाच वेगांची गिअरपेटी. गिअर ड्रायव्हर स्वतः बदलायचा. दोन रेलकार जोडल्या तरी पुढच्या केबिनमधून सगळ्या इंजिनांचे गिअर एकदम बदलता यायचे.

आता पेत्तोरानोच्या पुढच्या चढावर स्वतःला बसव. तिसऱ्यात आहेस, इंजिन छान फिरतंय, वाटतं चौथा टाकावा. त्यासाठी आधी इंधन कमी करायचं, गिअर बदलायचा, पुन्हा इंधन द्यायचं. तेवढ्या वेळात चाकांना जोर नाही आणि चढ मात्र गाडीला मागे ओढतोय. चौथा पडेपर्यंत वेग इतका उतरलेला असतो की चौथ्यात इंजिन गुदमरतं, आणि तू परत तिसऱ्यावर. सपाटीवर याचं काही वाटत नाही; २८ च्या चढावर प्रत्येक गिअर विचार करून टाकावा लागतो. एका दांड्याने पळणारी ६६८ या मार्गावर दिली तर अर्धी मजा गेली. वरच्या पत्रवाल्या वाचकांनी हे आपल्या पत्रात घालावं, तुझ्या नावावर.

रंगाचंही विचारलं होतंस. १९८५ धरलंस तर शेवाळी हिरवा आणि फिकट पिवळा. पांढरा-हिरवा-निळा रंग नव्वदच्या दशकातला, तो नको.

प्रश्न: या मार्गावर दुसऱ्या महायुद्धाचा प्रसंग खेळायला मिळावा, अशी सूचना करावी का? जर्मनांची गुस्ताव ही बचावाची रेषा इथूनच जात होती ना? – एक वाचक

उत्तर: जात होती, आणि म्हणूनच करू नका. १९४३ च्या शरदात माघार घेणाऱ्या सैन्याने हा मार्ग उद्ध्वस्त केला. पूल गेले, बोगदे गेले, रोक्कारासो गाव जमीनदोस्त झालं. त्याच नोव्हेंबरमध्ये जवळच्या पिएत्रान्सिएरीत लिमारीच्या रानात १२८ माणसं मारली गेली, त्यांत लहान मुलंही होती. संपूर्ण मार्ग पुन्हा जोडला जायला १९६० उजाडलं. त्या हिवाळ्यात इथे चालवायला गाडीच नव्हती, आणि जे घडलं त्याला गुण आणि तारे देणं मला पटत नाही.

युद्ध दाखवायचंच असेल तर ते स्टेशनांच्या इमारतींत दाखवा. पन्नासच्या दशकात नव्याने बांधलेलं स्टेशन आणि एकोणिसाव्या शतकातलं स्टेशन शेजारी-शेजारी आली की बघणाऱ्याला आपोआप प्रश्न पडतो.

प्रश्न: कोळशाचं इंजिन हवंच. ७४० की ९४०? – एक वाचक

उत्तर: ९४०. मूळ घडण ७४० चीच, पण पाणी आणि कोळसा इंजिनावरच, मागे त्यासाठी वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. त्यामुळे दोन्ही दिशांना सारखंच चालवता येतं आणि शेवटच्या स्टेशनात फिरवत बसावं लागत नाही. डोंगरी मार्गांसाठीच १९२० च्या दशकात ते आलं. ७४० ची जवळपास ४७० इंजिनं बनली, ते सगळीकडे दिसतं, आणि बहुतेक सिम्युलेटरांत कुणी ना कुणी ते केलेलंच असतं. मात्र ९४० मागितलंत तर १९८५ सोडावं लागेल. मग तीसचं दशक धरा आणि मागे लाकडी बाकांचे 'चेंतोपोर्ते' डबे लावा. नावाचा अर्थ 'शंभर दारं'. तेवढी नसली तरी दारंच दारं असतात त्यांना.

प्रश्न: वाल द'ओर्चा किंवा दक्षिण इटलीतल्या इर्पिनियाचा मार्ग का नको? सगळे सुल्मोनाच्याच मागे का? – एक वाचक

उत्तर: नको असं मी कधी म्हटलं? तोस्कानातला अशानो–मोन्ते आन्तिको हा वाल द'ओर्चाचा मार्ग लहान आहे, १९९४ मध्ये नेहमीच्या गाड्यांसाठी बंद झाला, आणि पहिल्यांदाच मार्ग बनवणाऱ्याला सुल्मोनापेक्षा तो सोयीचा. इर्पिनियाचा आवेल्लिनो–रोक्केत्ता सान्त'आन्तोनियो १८९५ मध्ये पूर्ण झाला. तो व्हावा म्हणून साहित्य-समीक्षक आणि राजकारणी फ्रान्चेस्को दे सांक्तिस यांनी पाठपुरावा केला होता. त्यावरचा लापिओजवळचा लोखंडी पूल, पोंते प्रिंचिपे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो मार्ग विकत घेईन. पण चढाचा खेळ सुल्मोनाइतका दुसरीकडे नाही, आणि माझा जीव चढातच अडकलाय.

प्रश्न: रेल्वे कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी सूचना करणाऱ्याने आणायची असते का? – एक वाचक

उत्तर: नाही. विकण्यासाठी मार्ग बनत असेल तर ते बनवणाऱ्या कंपनीने बघायचं. तुम्ही पत्रात एवढंच लिहा: परवान्याचं तुमचं तुम्ही बघा, चढ-उताराचा तक्ता सोबत जोडला आहे. आणि तो खरोखर जोडा.