खोडरबर घरीच ठेव

चि.,
अनेक आशीर्वाद.

शिक्षिका म्हणून समुद्र-संशोधनाच्या जहाजावर जायला तुझी निवड झाल्याचं कळलं. आनंद झाला, जरा हेवाही वाटला. खोटं कशाला बोलू. बॅगेत काय भरू म्हणून विचारलंयस. आलेपाक, बिस्किटं, न घसरणारे बूट. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून, मुरगाव बंदर सोडायच्या आधीच घे. उपाशी राहू नकोस, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. आणि खाली वाचत बसण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघ.

आता मुद्द्याचं. तिथे तुला 'मॅडम, मॅडम' करून खुर्ची देतील. बसू नकोस, काम माग. अमेरिकेत १९९० पासून शाळेतल्या शिक्षकांना संशोधन जहाजांवर पाठवतात, तेही पाहुणे म्हणून नव्हे. शास्त्रज्ञांबरोबर पाळीत उभे राहतात.

तुला सीटीडी दिसेल. लोखंडी चौकटीत गोलाकार उभ्या बाटल्या, मधे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र. बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली जातात आणि वर येताना हव्या त्या खोलीवर बंद केल्या जातात. मी गेलो होतो तेव्हा ४०० मीटरच्या बाटलीतून ऑक्सिजनचा नमुना काढायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या अरबी समुद्रात साधारण २०० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. वरचं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मरून खाली बुडतं, कुजताना ऑक्सिजन संपवतं, आणि तिथलं पाणी लवकर बदलत नाही.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत विंकलरची, तूही कॉलेजात केली असशील. मँगनीजचा क्षार, मग अल्कलीतलं आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी, नसेल तर पांढरा. माझा आला चांगला चहासारखा! चूक माझीच. रबरी नळी तळाला टेकवून पाणी ओसंडू द्यायचं असतं. मी घाईत वरूनच सोडलं आणि हवा आत गेली. तोवर बाटल्या रिकाम्या करून चौकट पुढच्या फेरीला तयारही झाली होती.

मी नोंदवहीतला आकडा खोडायला निघालो. शेजारची संशोधक मुलगी, असेल तुझ्याच वयाची, म्हणाली, "सर, खोडू नका. शेरा लिहा, नमुना संशयास्पद."

कान लाल झाले माझे. वीस वर्षं प्रयोगशाळेत मी काय केलं होतं? लंबकावरून काढलेल्या गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ च्या जवळ आलं नाही की, "परत कर, नाहीतर जर्नलवर सही नाही." मग पोरं उत्तरावरून मागे मागे येत निरीक्षणं लिहायची. मला कळायचं गं. सही करायचो.

परत आल्यावर डॉल्फिनचे फोटो दाखवशीलच, दाखव. पण प्रमुख शास्त्रज्ञांची परवानगी घेऊन नोंदींचं एक पान शेऱ्यांसकट माग. मुलांना त्यावरून खोली आणि ऑक्सिजनचा आलेख काढू दे. कुठला ठिपका वाट चुकलाय आणि का, यावर त्यांना भांडू दे. तू मधे पडू नकोस.

आपल्या डिचोलीची पोरं खाणीच्या ट्रकांची धूळ खात वाढली. आपल्या 'गवेषणी' या संशोधन जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरून मँगनीजचे गोळे वर काढले, हे त्यांना सांगितलंस तर मागचा बाकही मान वर करील. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथेच गोव्यात, दोनापावल्याला आहे, आणि आपल्या शाळेची सहल दरवर्षी वॉटर पार्कला!

शक्य झालं तर रात्री १२ ते ४ ची पाळी मागून घे. मोठी माणसं झोपलेली असतात, त्यामुळे नव्या माणसाला बाटल्यांना हात लावायला मिळतो.

तुझा,
सर