दुर्मीळ गुरांच्या जाती वाचवायच्या आहेत, काय शिकू?

प्रिय विद्यार्थिनीस,

मोजकीच जनावरं उरलेल्या जुन्या जातींची जनुकं जपायचं काम करायचं, हे तू ठरवलं आहेस. पशुवैद्यकीकडे वळू की बायोटेक्नॉलॉजीकडे, असं तू विचारतेस. आणि बाबा म्हणतात, रेत गोठवून ठेवलं की झालं, त्यात आयुष्यभराचं काम काय?

आधी बाबांच्या शंकेचं बघू. रेत गोठवण्याचं तंत्र जुनंच आहे. ग्लिसरॉल घातलं तर शुक्रपेशी गोठूनही जिवंत राहतात, हे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये दाखवलं. आज उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेतमात्रा कित्येक दशकं टिकतात. पण त्या टाकीत फक्त नराची बाजू असते. जातीच्या गाईच संपल्या, तर ते रेत दुसऱ्या जातीच्या गाईंमध्ये भरावं लागतं, मग त्यांच्या कालवडींमध्ये पुन्हा तेच. पहिल्या पिढीत निम्मा वारसा, दुसरीत पाऊण, असं करत पाचव्या पिढीत कुठे 97 टक्के. यात पंधराएक वर्षं जातात. शिवाय मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनए आईकडूनच येतो, तो कायमचा हातचा जातो. न्यूझीलंडच्या एंडरबी बेटावरच्या गुरांमध्ये एकच गाय उरली, तेव्हा 1998 मध्ये तिचं क्लोनिंग करून कालवड जन्माला घालावी लागली.

म्हणून खरं काम जिवंत कळपात आहे. समज, 100 गाई आणि 2 वळू आहेत. नर आणि माद्यांच्या गुणाकाराची चौपट करून एकूण संख्येने भागलं, की प्रजननाच्या हिशेबात हा कळप जेमतेम 8 जनावरांचा भरतो. दर पिढीला आंतरप्रजनन, म्हणजे नात्यातल्या जनावरांमधली पैदास, सुमारे 6 टक्क्यांनी वाढतं. हा 8 चा आकडा निदान 50 असावा, म्हणजे वाढ 1 टक्क्यावर राहते, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच 100 गाईंना 20 वळू दिले तर तो 67 वर जातो! पण ते वीस वळू पोसणार कोण? प्रत्येक पशुपालकाला सगळ्यात देखण्या वळूचीच वासरं हवी असतात. बाकीच्यांचे गोऱ्हेही राखा, हे त्याला पटवणं आणि त्यासाठी त्याच्या पदरात काहीतरी पडेल असं बघणं, हा या व्यवसायाचा निम्मा भाग आहे. मला तरी तोच जास्त मोलाचा वाटतो.

तेव्हा जनावरं हाताळायची मनापासून आवड असेल तर पशुवैद्यकीय पदवी घे आणि पुढे पशुअनुवंश व पैदासशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. आकडेमोडीत जीव रमत असेल तर पशुविज्ञान किंवा जीवशास्त्रातून लोकसंख्या-अनुवंशशास्त्राकडे, म्हणजे अख्ख्या कळपातली जनुकं पिढ्यांगणिक कशी बदलतात त्या शास्त्राकडे जा. सुरुवातीलाच निव्वळ प्रयोगशाळेची वाट धरू नकोस. संख्याशास्त्र मात्र दोन्हीकडे पक्कं हवं. निव्वळ जतनाच्या जागा थोड्या असतात, जनुकपेढ्या, विद्यापीठं, पैदासकारांच्या संघटना एवढ्याच. पण हेच शास्त्र दूध आणि कुक्कुट पैदाशीतही लागतं, त्यामुळे शिकलेलं वाया जाणार नाही.

आत्तापासून एक कर. जवळचा एखादा कळप निवड आणि वही घाल: कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, जन्मतारीख, आई, बाप. बापाची खात्री नसेल तर रकाना कोरा ठेव, अंदाजाने भरू नकोस. दोन पिढ्यांची नोंद झाली की मला पाठव, कोणत्या वळूचे गोऱ्हे राखायचे ते मिळून बघू.