बार्टोक ऐकायला सुरुवात करताय? मग इथून करा

हंगेरियन संगीतकार बार्टोक ऐकायला तुम्ही थेट त्याच्या चौथ्या स्ट्रिंग क्वार्टेटपासून (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) सुरुवात केली असेल आणि काही हाती लागलं नसेल, तर यात तुमचा दोष नाही. त्याचे सहाही क्वार्टेट सध्या बाजूला ठेवा.

आधी 'रोमानियन लोकनृत्यं' (1915) ऐका. सहा छोटे तुकडे, सगळे मिळून पाच-सहा मिनिटांचे. पियानोवर ऐका, मग ऑर्केस्ट्रावर. तिसऱ्या नृत्यात एकाच सुराभोवती घुटमळणारी धून येते, तिथे जरा थांबा. मला आजही ती पुन्हा लावावीशी वाटते. त्यानंतर 'मुलांसाठी' हा पियानोसंग्रह. शेवटी 'कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' (1943), तोही सावकाश.

नवे श्रोते बहुधा दोन ठिकाणी चुकतात. एक, संगीतकार लिस्टच्या 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी' या पियानोरचनांतलं संगीत म्हणजेच हंगेरीचं लोकसंगीत असं समजतात. ते बरंचसं शहरी वादकांचं होतं. बार्टोक आणि त्याचा सहकारी संगीतकार कोडाय फोनोग्राफ (ध्वनिमुद्रणाचं जुनं यंत्र) घेऊन खेड्यांत गेले, शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली, तेव्हा एक वेगळंच जुनं संगीत समोर आलं. दोन, प्रत्येक रचनेत मूळ लोकगीत शोधत बसतात. 'ईव्हनिंग इन द व्हिलेज' ही पियानोरचना अस्सल लोकधून वाटते, पण ती बार्टोकची स्वतःची आहे!

चरित्रातलं एवढंच पुरे: जन्म 1881, 1940 मध्ये अमेरिकेत स्थलांतर, 1945 मध्ये न्यूयॉर्कला मृत्यू. स्वरसप्तकं, बल्गेरियन ताल वगैरे नंतर बोलू. या आठवड्यात फक्त ती सहा नृत्यं ऐका आणि कोणतं आवडलं ते कळवा.