‘उद्यापासून येऊ नका’ म्हटल्याने नोकरी जात नाही

प्रश्न : केज तालुक्यातल्या एका अनुदानित खाजगी शाळेत मी १४ वर्षांपासून कायम शिपाई आहे. सचिवांच्या शेतात कापूस वेचायला आम्हाला दरवर्षी नेतात. यंदा कंबर धरली म्हणून मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करू दिली नाही, ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले. ऑफिसात बसवून एका टाइप केलेल्या कागदावर सही घेतली. तो राजीनामा होता हे मागून कळलं. याला २२ दिवस झाले. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी दिवस मोजा. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात. तुमच्याकडे आठच उरलेत. लेखी आदेश मिळाला नाही म्हणून थांबू नका, तोंडी काढलं तरी अपील करता येतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

राजीनाम्याची भीती सोडा. कलम ७ म्हणतं की कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तुमच्याजवळ ना प्रत, ना पोस्टाची पावती. हा मुद्दा तुमच्या बाजूने फार भक्कम आहे. आजच संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लिहा : सही दबावाने घेतली, मी कामावर यायला तयार आहे. पोच जपून ठेवा.

तुम्हाला काढायचंच होतं तर आधी लेखी आरोप, मग तुमचा खुलासा, मग तीन जणांची चौकशी समिती, तीही एक सदस्य तुमच्या पसंतीचा घेऊन, एवढं करावं लागलं असतं. ही नुसती कागदपत्रांची उठाठेव नाही. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आलाच. १९९३ साली एका खाजगी कारखान्यातल्या कामगाराला गैरहजर ठरवून परस्पर काढलं होतं, तिथेही न्यायालयाने याच अनुच्छेदाचा आधार घेतला. म्हणणं ऐकून न घेता कुणाची भाकरी काढून घेता येत नाही.

आणि तो कापूस. तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, पण मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. आपल्याकडे याला वेठ म्हणतात, आणि अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई आहे. ही मनाई सरकारइतकीच संस्थाचालकालाही लागू. १९८२ च्या एशियाड खेळांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या निकालात पोटाच्या लाचारीने करावं लागणारं कामही सक्तीचंच मानलं गेलं. अपिलात हे लाज न बाळगता लिहा : कोणत्या वर्षी नेलं, सोबत कोण होतं, ट्रॅक्टर कुणाचा होता. सोबतचे लोक साक्षीला घाबरतील, त्यांना दोष देऊ नका.

मधल्या काळातल्या पगाराचं सांगतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने औरंगाबादच्याच एका प्राथमिक शिक्षिकेला पूर्ण थकीत पगार मिळवून दिला. नोकरी बेकायदा गेली असेल तर मागचा पगार देणं हाच नेहमीचा नियम, असं म्हटलं. त्यासाठी आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे अपिलात सांगावं लागतं. पोटासाठी रोजंदारीला गेला असाल तर लपवू नका, दिवस आणि रक्कम लिहून ठेवा.

नेमणुकीचा आदेश, मान्यतेचं पत्र, पगाराच्या नोंदीचं बँकेचं पासबुक पिशवीत घाला आणि दोन दिवसांत वकील गाठा. शाळेच्या वेळेला रोज फाटकाशी जाऊन या, आणि तारीख वहीत टाका.