८० कोटी रेकॉर्डच्या डेटाबेसवर रिपोर्टिंग करायचंय, पॉवर बीआय घ्यावं की टॅब्लो?

तुम्ही लिहिलंय की लाइव्ह कनेक्शन लावल्यावर डॅशबोर्ड उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, म्हणून टूल बदलायचा विचार आहे. बदलू नका. टॅब्लोतही तेच होईल, कारण लाइव्ह कनेक्शनमध्ये राबतो तो डेटाबेस, टूल फक्त क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पाठवून चित्र काढतं.

आमच्याकडे हेच झालं होतं. औषधांच्या वितरणाची कंपनी, बिलातल्या प्रत्येक आयटमला एक रेकॉर्ड. एक कन्सल्टंट आले आणि त्यांनी चालू बिलिंगच्या डेटाबेसलाच पॉवर बीआय डायरेक्टक्वेरीने, म्हणजे दर वेळी थेट डेटाबेसलाच विचारायच्या पद्धतीने, जोडून दिलं. साहेब खूश, 'रिअल टाइम' शब्द ऐकूनच. पुढच्या सोमवारी सेल्स मीटिंगच्या वेळी सगळ्या एरिया मॅनेजरनी एकदम डॅशबोर्ड उघडला आणि भिवंडीच्या गोडाऊनमधून फोन सुरू झाले: बिल निघत नाहीये, गाड्या उभ्या आहेत. एका पानावर वीसेक चार्ट आणि प्रत्येक चार्टची किमान एक क्वेरी. कोणी वरचा महिना बदलला की सगळ्या पुन्हा सुटणार, आणि हे माणसागणिक.

मी चालू क्वेऱ्या काढून बघितल्या. सगळ्यात वर होती 'या महिन्यात किती वेगवेगळ्या केमिस्टनी माल घेतला' ही. डिस्टिंक्ट काउंट, तोही अख्ख्या टेबलवर, कारण तारखेवर फंक्शन लावल्यामुळे इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) वापरलाच जात नव्हता. कन्सल्टंटचा उपाय काय? रॅम वाढवा. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

मी म्हटलं, रोज रात्री एक समरी टेबल भरू: तारीख, डेपो, आयटम, नग, रक्कम. तेवढंच पॉवर बीआयमध्ये उतरवून घेऊ, म्हणजे इम्पोर्ट करू, मूळ टेबलला दिवसा हातच लावायचा नाही. यावर भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं की तुमची विचारसरणी अजून एक्सेलमध्येच आहे. शेवटी समरी टेबलच आलं, कोट्यवधी रेकॉर्डचं काम काही लाखांवर आलं आणि डॅशबोर्ड क्लिकसरशी उघडायला लागला. ते कोणाच्या नावावर गेलं, ते विचारू नका.

तुमच्याकडे समरी नको, सगळा तपशील इम्पोर्टच करायचा म्हणत असाल, तर रेकॉर्ड किती यापेक्षा कॉलम कसे आहेत ते बघा. पॉवर बीआय कॉलमनिहाय साठवतं आणि एकाच कॉलममध्ये वेगवेगळ्या व्हॅल्यू जितक्या कमी, तितका डेटा जास्त दाबला जातो. घोडं पेंड खातं ते सेकंदासकट असलेल्या बिलाच्या वेळेत. पाच वर्षांत १५ कोटींहून जास्त सेकंद येतात. तोच कॉलम तोडून तारीख वेगळी, वेळ वेगळी केली की एकीकडे दोन हजारांच्या आत तारखा आणि दुसरीकडे दिवसातल्या जास्तीत जास्त ८६,४०० वेगवेगळ्या वेळा. वेळ कोणी बघतच नसेल तर ती टाकूनच द्या. बिलाचा तो लांबलचक आयडीही काढा, त्यावर कोणी चार्ट काढत नाही. प्रो लायसन्सवर मॉडेलला १ जीबीची मर्यादा आहे, ती याच दोन कॉलमनी भरते. त्यापुढे इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावा, म्हणजे जुनी वर्षं रोज पुन्हा ओढली जाणार नाहीत.

पॉवर बीआय की टॅब्लो? ऑफिसात आधीच मायक्रोसॉफ्टचं लायसन्स असेल तर पॉवर बीआय. टॅब्लोत चार्टशी खेळायला मजा येते, पण तुमचं दुखणं चार्टचं नाहीये.

एक राहिलंच. समरीतून बेरजा निघतात, डिस्टिंक्ट काउंट निघत नाही. जानेवारीचे केमिस्ट अधिक फेब्रुवारीचे केमिस्ट म्हणजे दोन महिन्यांचे केमिस्ट नव्हेत, त्याच दुकानांनी दोन्हीकडे माल घेतलेला असतो. त्यासाठी महिना-केमिस्ट असं वेगळं टेबल ठेवा.

आणि हो, खरंच मिनिटामिनिटाचा आकडा लागतो अशी कामं असतात, कार्डवरची फसवणूक पकडायची असेल तर रात्रीची समरी काय कामाची? तिथे क्लिकहाउससारखा कॉलमवाला डेटाबेस किंवा निदान रीड रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची फक्त वाचायची प्रत, घ्या, पण बिलिंगच्या डेटाबेसवर डॅशबोर्ड सोडू नका. आमच्याकडे मी रेप्लिका मागितली तेव्हा बजेट नव्हतं. रॅमचं बिल मात्र त्याच आठवड्यात पास झालं.