शाओखाओ, जिरे आणि जिरणे

चीनमधील शीआन शहराच्या प्रवासाला निघालेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, तेथील 'शाओकाओ'च्या, म्हणजे सळईत ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थांच्या, उपाहारगृहात आपल्याला काय काय मागवता येईल, आणि या प्रकाराला मराठीत 'चायनीज बार्बेक्यू' म्हणावे की दुसरे काही.

प्रथम उच्चार दुरुस्त करू. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी शब्दांतील 'के' महाप्राण असतो, म्हणून शब्द 'शाओखाओ' असा आहे. ज्या भाषेत 'क' आणि 'ख' ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, तिच्या बोलणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या आहारी जाऊन 'शाओकाओ' म्हणावे, हे मला पटत नाही. शिवाय खाण्याच्या जागेच्या नावात आयता आलेला 'खाओ' आपण हातचा घालवतो, तो वेगळाच. याच न्यायाने सळईवरील तुकड्यांना 'च्वान' नव्हे, 'छ्वान' म्हणावे. पेइचिंगमध्ये याचाच 'छ्वार' होतो. दुकानाबाहेर लाल दिव्यांत झळकणारे त्याचे अक्षर तर ओवलेल्या तुकड्यांच्या चित्रासारखेच दिसते, त्यामुळे लिपी न येणाऱ्यालाही ते ओळखता येते.

मराठी नावाचा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. 'निखाऱ्यावर भाजलेले' एवढे म्हटले की काम होते. आणि ज्यांना मराठीत शब्द नाही असे म्हणण्याची हौस आहे, त्यांनी अमरकोशात सळईवर भाजलेल्या मांसासाठी दिलेला 'शूल्य' हा शब्द पाहावा. 'चायनीज बार्बेक्यू' या नावाला माझा विरोध आहे तो निराळ्या कारणासाठी. हाँगकाँगमध्ये, किंवा परदेशांतील जुन्या चिनी वस्त्यांत, या नावाच्या दुकानात शाओखाओ बहुधा मिळतच नाही. तेथे काचेमागे टांगलेले 'सिउ मेइ' असते : मधाचा हात दिलेले डुकराचे मांस म्हणजे 'छा सिउ', भाजलेले हंस, बदक, आणि यांपैकी जे हवे ते भातावर कापून वाढलेले. या नावातील 'सिउ' आणि 'शाओखाओ'तील 'शाओ' हे एकच अक्षर आहे, फक्त पहिला उच्चार कँटोनीज आणि दुसरा मँडरिन. दोन अगदी वेगळ्या जेवणांना एकाच इंग्रजी नावाखाली कोंबल्यावर प्रवासी एक मनात धरून जातो आणि त्याच्या ताटात दुसरेच येते.

शीआनमध्ये मुख्य मागणी मेंढीच्या मांसाची, म्हणजे 'यांगरौ छ्वान'ची. त्याखेरीज कोंबडीचे पंख, गुर्दे, चिनी लसणाची पात, सुईसारखी लांब अळंबी, मक्याचे कणीस, मानथौ नावाच्या वाफवलेल्या पावाचे काप आणि लसूण पसरून भाजलेले वांगे असे बरेच काही मिळते. शाकाहारी वाचकांनी 'वो छ सू' म्हणावे, मात्र शेगडी आणि तेल लावण्याचा कुंचला बहुधा सर्वांना एकच असतो, हे ध्यानात ठेवावे. डुक्कर वर्ज्य असेल तर 'छिंगचन' अशी पाटी असलेले मुसलमानी दुकान शोधावे. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात अशा दुकानांना तोटा नाही.

आता खरी गंमत सांगतो. या मांसावर मिरचीबरोबर जी पूड भुरभुरतात, तिचे चिनी नाव 'त्सिरान' असे आहे, आणि त्यातील पहिला वर्ण म्हणजे आपल्या 'चूल' किंवा 'चाक' या शब्दांतील दंततालव्य 'च' होय. मराठी माणसाला तो कोणी शिकवायला नको. या नावाची दोन अक्षरे स्वतंत्रपणे वाचली तर 'उद्यमी' आणि 'असे' यांसारखे काहीतरी निघते, आणि त्यावरून अर्थाच्या कोलांट्या मारणारे विद्वानही भेटतात; परंतु ती अक्षरे येथे केवळ ध्वनीपुरती वापरली आहेत. मूळ शब्द वायव्य चीनमधील उइगुरांचा 'ज़िरे', त्यामागे फारसी 'ज़ीरा', म्हणजेच आपले जिरे! सळईवर मांस भाजणे चीनला नवे नव्हते. शानतुंग प्रांतातील चूछंग येथे सापडलेल्या पूर्व हान काळातील (इ. स. २५ ते २२०) शिल्पपटात सळया भाजणारे आचारी स्पष्ट दिसतात. जिरे मात्र पश्चिमेकडून आले, आणि त्याचे 'आनशी हुइशियांग' हे दुसरे चिनी नावही तेच सांगते, कारण 'आनशी' म्हणजे पार्थियाचे इराणी राज्य आणि 'हुइशियांग' म्हणजे बडीशेप.

संस्कृत 'जीरक' हाही इराणी भाषांतून उसना आलेला शब्द आहे, असे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. मला ते आळशीपणाचे वाटते. संस्कृत 'ज' आणि इराणी 'ज़' यांची जोडी नियमित आहे : 'जानु' आणि 'ज़ानू', 'जात' आणि शहाजाद्यातील 'ज़ादा'. ही बहिणीभावंडे उसनवारी मानत नाही, मग जिऱ्यालाच चोर का ठरवावे? 'जॄ' या धातूपासून जीर्ण आणि अजीर्ण हे शब्द आले. जे जिरवते ते जिरे, ही जुनी व्युत्पत्ती वैयाकरणांची चतुराई म्हणून हसण्यावारी नेली जाते, पण याच धातूचे इराणी रूप 'ज़र्' असे 'ज़'काराचेच आहे, हे हसणाऱ्यांनी सांगायचे राहून जाते. माझा आग्रह असा की, अन्न जिरणे, जमिनीत पाणी जिरणे, एखाद्याची खोड जिरवणे आणि फोडणीतले जिरे हे सगळे एकाच घरचे आहेत. तमिळमध्ये 'सीरगम्'ची 'आतले नीट करणारे' अशी फोड लोक करतात. ती व्युत्पत्ती म्हणून टिकणारी नाही, परंतु तेथील लोकांनाही पोटाचाच विचार सुचला, हे मला सूचक वाटते.

मागवण्याचे राहिलेच. सळया नगावर मागवतात, 'श छ्वान' म्हणजे दहा. तिखट नको असेल तर 'पू ला', थोडे चालणार असेल तर 'वेइ ला'. जिरे सढळ हवे असेल तर 'त्वो फांग त्सिरान' म्हणावे, आणि 'त्सि'चा सूर वरच्या पट्टीत सपाट ठेवावा. तो वरून खाली घसरला की त्या शब्दाचा अर्थ 'निसर्ग' होतो.